परिसराची शाश्वतता आणि विद्यापीठाचा कारभार

विद्यापीठाचा परिसर हे कारभाराच्या दृष्टीने एक छोटे शहर असते. वसतिगृहे, प्रयोगशाळा, मेस, दवाखाना, ग्रंथालय, कर्मचाऱ्यांची घरे, पंपघर, रोहित्रे, मोकाट कुत्री आणि नशीब चांगले असेल तर एखादा तलाव, एवढे सगळे एका कुंपणात नांदते. फरक एवढाच की शहराला महापालिका असते आणि तिच्यात पाणीपुरवठा, घनकचरा, उद्यान अशी खाती असतात. विद्यापीठात हीच कामे विद्यापीठ अभियंता, स्थावर विभाग, वसतिगृहांचे रेक्टर, उद्यान अधीक्षक आणि वित्त व लेखा अधिकारी यांच्यात विखुरलेली असतात. विजेचे बिल भरणारा वीज वापरत नाही, वापरणाऱ्याला बिल दिसत नाही आणि इमारत बांधणाऱ्याला तिच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या खर्चाशी देणेघेणे नसते. पाणी, ऊर्जा, कचरा, जमीन आणि प्रवास यांचा भार पुढच्या पिढ्यांवर न टाकता परिसर चालवणे म्हणजे परिसराची शाश्वतता. या व्याख्येवर कोणाचा वाद नाही. वाद आणि अडचण सुरू होते ती निर्णय कोण घेणार, पैसे कोणत्या लेखाशीर्षातून जाणार आणि हिशेब कोण ठेवणार या ठिकाणी.

विद्यापीठांनी हा विषय अंगावर घेतला तो 1972 च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेनंतर, पण बराच उशिरा. 1989 मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्याच विद्यापीठाच्या कचऱ्याचा, पाण्याचा आणि वाहतुकीचा अभ्यास केला. परिसराचा पर्यावरणीय ताळेबंद मांडण्याच्या पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक मानला जातो. ऑक्टोबर 1990 मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचे अध्यक्ष ज्याँ मेयर यांनी फ्रान्समधल्या तालोआर येथे जगभरातले विद्यापीठप्रमुख बोलावले. तिथे ठरलेल्या दहा कलमी तालोआर जाहीरनाम्यावर पुढे पाचशेहून अधिक संस्थांनी सह्या केल्या. सही करायला खर्च येत नाही. जाहीरनाम्यात कोणतीही मुदत नव्हती, कोणताही आकडा नव्हता आणि न पाळणाऱ्याला जाब विचारणारे कोणी नव्हते. तरी त्याचे एक महत्त्व राहते. परिसर हा अध्यापन-संशोधनाइतकाच कुलगुरूंच्या जबाबदारीचा भाग आहे, हे त्याने पहिल्यांदा लेखी मान्य करून घेतले.

जाहीरनाम्यापासून कारभारापर्यंतचा प्रवास कसा होतो, हे पाहायला कॅनडातल्या व्हँकूव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे उदाहरण सर्वांत उपयोगी आहे. त्या विद्यापीठाने 1997 मध्ये शाश्वत विकासाचे धोरण मंजूर केले आणि 1998 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कार्यालय उघडले. कॅनडातल्या विद्यापीठांत दोन्ही गोष्टी पहिल्याच होत्या. कार्यालय उघडले ते इमारती आणि परिसर सांभाळणाऱ्या विभागात, म्हणजे झडपा, बॉयलर आणि बिले जिथे हाताळली जातात तिथे. त्यानंतर शेकडो जुन्या इमारतींतले दिवे, नळ आणि हवा खेळवणाऱ्या यंत्रणा बदलण्याचा मोठा कार्यक्रम झाला. त्याचा खर्च वाचलेल्या बिलांतून फेडायचा, असा हिशेब होता. 2001 पासून विद्यार्थी, प्राध्यापक आणि परिसर-कर्मचारी यांना एकाच प्रकल्पात जोडणारी योजनाही तिथे चालू झाली: प्रश्न पंपघरातल्या माणसाचा, उत्तर शोधणारा विद्यार्थी आणि त्याला मिळणारे गुण अभ्यासक्रमातले. 2010 मध्ये अध्यापनाची आणि कारभाराची बाजू एका छत्राखाली आणली गेली.

या सगळ्याला धार आली ती मात्र बाहेरून. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2008 मध्ये कार्बन कर लावला. तो टनामागे 10 डॉलरपासून सुरू होऊन 2012 मध्ये 30 डॉलरवर गेला. शिवाय 2010 पासून प्रांतातल्या सर्व सार्वजनिक संस्थांनी आपले उत्सर्जन शून्यावर आणावे, आणि न जमल्यास उरलेल्या प्रत्येक टनासाठी 25 डॉलर भरून भरपाई विकत घ्यावी, असा कायदाच होता. एका रात्रीत धूर हा वित्त विभागाचा विषय झाला. विद्यापीठातली इमारती तापवणारी वाफेची यंत्रणा 1920 च्या दशकातली होती. लांबच लांब नळांतून वाफ नेताना बरीच उष्णता जमिनीत जाई. ती काढून गरम पाण्याची नवी यंत्रणा 2011 पासून पुढच्या चार-पाच वर्षांत बसवली गेली. सुमारे 8 कोटी 80 लाख डॉलरचा हा खर्च नियामक मंडळाने मंजूर केला, कारण जुनी यंत्रणा चालू ठेवण्याचा खर्च, देखभाल आणि कर मिळून, आता कागदावर स्पष्ट दिसत होता. 2010 च्या आराखड्यात 2007 च्या तुलनेत 2015 पर्यंत 33 टक्के, 2020 पर्यंत 67 टक्के आणि 2050 पर्यंत पूर्ण कपात असे टप्पे होते. पहिल्या टप्प्याच्या आसपास विद्यापीठ पोहोचले, तेही इमारती आणि विद्यार्थी वाढत असताना. दुसरा टप्पा हुकला. 2021 मध्ये नवा आराखडा आला आणि त्यात 2030 पर्यंत 85 टक्के कपातीचे उद्दिष्ट ठेवले गेले. हुकलेला टप्पा लपवला गेला नाही, हेही त्या कारभाराचे एक लक्षण आहे.

हे उदाहरण जसेच्या तसे उचलता येत नाही. त्या प्रांतात वीज प्रामुख्याने जलविद्युत असल्याने विद्यापीठाचे बहुतेक उत्सर्जन इमारती तापवण्यासाठी जाळलेल्या गॅसमधून होते. महाराष्ट्रात उलट परिस्थिती आहे. इथली वीज मुख्यत्वे कोळशाची, आणि विद्यापीठाचा भार पंखे, दिवे, वातानुकूलन, प्रयोगशाळांतली शीतयंत्रे आणि पंप यांचा. उत्सर्जन मोजण्याच्या रूढ पद्धतीत तीन वर्ग असतात: संस्थेने स्वतः जाळलेले इंधन, विकत घेतलेली वीज, आणि प्रवास, खरेदी, कचरा वगैरे बाकीचे सारे. भारतीय विद्यापीठासाठी दुसरा वर्ग सर्वांत सोपा, कारण तो दरमहा बिलावर छापून येतो. तिसरा वर्ग कोणीच नीट मोजत नाही.

पैशाची गाठ सोडवण्याचे दोन मार्ग अमेरिकेत आजमावले गेले. हार्वर्डने 2001 च्या सुमारास सुमारे 30 लाख डॉलरचा फिरता निधी उभा केला. विभागाने त्यातून बिनव्याजी कर्ज घ्यायचे, ऊर्जा वाचवणारे काम करायचे आणि बिलातल्या बचतीतून कर्ज फेडायचे. निधी पुढे 1 कोटी 20 लाख डॉलरपर्यंत वाढवला गेला. येलने दुसरा मार्ग धरला. अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने शिफारस केल्यावर 2015 मध्ये वीसेक इमारतींवर टनामागे 40 डॉलर असा अंतर्गत कार्बन आकार प्रयोग म्हणून लावला गेला आणि 2017 पासून तो अडीचशेहून अधिक इमारतींना लागू झाला. पैसा विद्यापीठाबाहेर जात नाही. सरासरीपेक्षा चांगली कामगिरी करणाऱ्या विभागाला परतावा मिळतो, मागे पडणाऱ्याला भुर्दंड बसतो. नॉर्डहाउस यांना 2018 मध्ये नोबेल मिळाले. पण येलमधल्या या प्रयोगाचा पाया अगदी साधा होता: प्रत्येक इमारतीला स्वतंत्र मीटर. तो नसेल तर नोबेलविजेत्याचा सिद्धांतही चालत नाही.

मोठ्या घोषणांचे काय होते, याचा धडा कॅलिफोर्निया विद्यापीठाने दिला. 2013 मध्ये अध्यक्ष जॅनेट नेपोलिटानो यांनी 2025 पर्यंत दहाही परिसर कार्बन-तटस्थ करण्याचे जाहीर केले. तारीख जवळ आली तसे उमगले की त्या मुदतीत तटस्थता गाठायची तर बाहेरून भरपाईची प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागतील आणि स्वतःचे गॅसवरचे ऊर्जाप्रकल्प तसेच धडधडत राहतील. 2023 मध्ये धोरण बदलले. आता 2019 च्या तुलनेत 2045 पर्यंत प्रत्यक्ष उत्सर्जनात किमान 90 टक्के घट करायची आहे. मुदत वीस वर्षांनी पुढे गेली, पण उद्दिष्ट अधिक प्रामाणिक झाले, असेही म्हणता येईल. खनिज इंधन कंपन्यांतली गुंतवणूक काढून घेण्याची चळवळ ही या कारभाराची आणखी एक शाखा. कॅलिफोर्नियाने 2020 मध्ये तशी गुंतवणूक काढून घेतल्याचे जाहीर केले, त्याच वर्षी केंब्रिजने आणि 2021 मध्ये हार्वर्डने तसा निर्णय घेतला. भारतातल्या सार्वजनिक विद्यापीठांची पुंजी बहुधा बँकेतल्या मुदत ठेवींत असते, त्यामुळे हा वाद इथे फारसा पोहोचलेला नाही.

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांचा कारभार 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने चालतो. अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्यापरिषद, विद्याशाखा आणि अभ्यासमंडळे यांच्या जोडीला या कायद्याने अनेक मंडळे दिली आहेत: विद्यार्थी विकास, क्रीडा, माहिती तंत्रज्ञान, आजीवन अध्ययन व विस्तार, नवोपक्रम आणि असे बरेच काही. प्राधिकरणांच्या या लांबलचक यादीत परिसराच्या पाण्या-विजेसाठी किंवा पर्यावरणासाठी मंडळ नाही. त्यामुळे हे काम कुलगुरूंनी नेमलेल्या समितीकडे जाते. अशा समितीचे अध्यक्षपद बहुधा पर्यावरणशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाकडे असते. त्यांना विषय कळतो, पण इमारत व बांधकाम समितीत किंवा खरेदी समितीत त्यांचा शब्द चालतोच असे नाही. कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची. नवे कुलगुरू आले की समितीची पुनर्रचना होते आणि आधीच्या समितीचा अहवाल कपाटात जातो.

खरे अधिकार खरेदीच्या टेबलावर असतात. तिथे सर्वांत कमी दराच्या निविदेचा नियम अनेकदा शाश्वततेच्या आड येतो. साधा छताचा पंखा सुमारे 75 वॅट वीज घेतो, ब्रशविरहित मोटरचा म्हणजे बीएलडीसी पंखा साधारण 30 ते 35 वॅट. पंख्यामागे 40 वॅट वाचतात असे धरले आणि वर्गातला पंखा वर्षाला अडीच हजार तास फिरतो असे मानले, तर एका पंख्यामागे वर्षाला 100 युनिट वाचतात. संस्थेला युनिट दहा रुपयांच्या आसपास पडत असेल तर ते हजार रुपये झाले. किमतीतला फरक दोन-तीन वर्षांत भरून निघतो आणि पंखा त्यानंतरही अनेक वर्षे फिरतो. तरीही निविदेत फक्त ‘पंखा, 1200 मिमी’ एवढेच लिहिले असेल तर स्वस्त पंखाच येणार आणि लेखापरीक्षकही त्यालाच बरोबर म्हणणार. नियम न मोडता हे बदलता येते. तांत्रिक तपशिलात वॅटची मर्यादा किंवा ऊर्जा दक्षता ब्युरोची तारांकने लिहिली की स्पर्धा त्या मर्यादेच्या आत होते. एका ओळीचा हा बदल वृक्षारोपणाच्या दहा कार्यक्रमांपेक्षा जास्त वजनदार ठरतो, पण त्याचा फोटो निघत नाही.

वीजबिलाचीही तीच गत. मोठी विद्यापीठे उच्चदाब ग्राहक असतात. त्यांच्या बिलात युनिटांच्या जोडीला मागणी आकार असतो, म्हणजे महिन्यात एखाद्या वेळी भार किती उंच गेला यावर पैसे लागतात. एप्रिल 2020 पासून महावितरणने उच्चदाब ग्राहकांची आकारणी उपयोगी न पडणारा भारही मोजणाऱ्या केव्हीएएच एककात सुरू केल्याने तो भार आटोक्यात ठेवणारे कॅपॅसिटर बिघडले तरी त्याचा फटका थेट बिलात दिसतो. सर्व पंप सकाळी एकाच वेळी सुरू होऊ न देणे, मंजूर भाराचा फेरविचार करणे, विभागवार मीटर बसवणे, या गोष्टींना फारसे भांडवल लागत नाही. त्यासाठी बिल दर महिन्याला नुसते भरणारा नव्हे, वाचणारा माणूस लागतो.

छतावरच्या सौरऊर्जेने मात्र भांडवलाची अडचण बरीच हलकी केली. संस्थेने स्वतः पैसे घालून पॅनल बसवायचे, किंवा विकासकाला छत देऊन त्याच्याकडून ठरलेल्या दराने पंचवीसेक वर्षे वीज घ्यायची, असे दोन मार्ग आहेत. दुसऱ्या मार्गात पहिल्या दिवसापासून बिल घटते, म्हणून निधीची चणचण असलेल्या संस्था तो पसंत करतात. मात्र पंचवीस वर्षांच्या करारात छताची गळती कोणी दुरुस्त करायची, वरती मजला चढवायचा झाला तर काय, पॅनल धुवायला पाणी कोण देणार, ही कलमे बारकाईने वाचली गेली पाहिजेत. पुष्कळदा ती वाचली जात नाहीत.

कायद्याने विद्यापीठांवर काही बंधने थेट घातली आहेत. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना ‘मोठे उत्पादक’ ठरवले आणि त्यांत विद्यापीठे, महाविद्यालये व वसतिगृहे यांचा नावाने उल्लेख केला. ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, अशी त्यांच्याकडून अपेक्षा. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेला ‘निसर्गऋण’ हा जैववायू प्रकल्प वसतिगृहांच्या मेससारख्या ठिकाणासाठी सोयीचा आहे, कारण तिथला कचरा एकाच प्रकारचा आणि रोज ठरावीक वेळी निघतो. अडचण सुट्ट्यांत येते. मे महिन्यात मेस बंद पडली की प्रकल्पातले जिवाणू उपाशी मरतात आणि जूनमध्ये तो पुन्हा जागवायला कोणाला सवड नसते. ई-कचऱ्याची वाट आणखी वेगळ्या कारणाने अडते. जुना संगणक डेडस्टॉक रजिस्टरवर असतो. निर्लेखन समितीने तो खारीज केल्याशिवाय हलवता येत नाही, आणि समितीची बैठक होईपर्यंत गोदामे मॉनिटरांनी भरून जातात. लिलावात जास्त बोली भंगारवाला लावतो, अधिकृत पुनर्चक्रीकरण करणारा नाही.

बांधकामाच्या बाबतीत शिक्षणसंस्थांना बरीच वर्षे सवलत होती. 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला आधी पर्यावरणीय मंजुरी लागते. डिसेंबर 2014 मध्ये शाळा, महाविद्यालये आणि शैक्षणिक वसतिगृहांना यातून वगळले गेले. पर्जन्यजल संधारण, कचरा व सांडपाण्याची सोय यांची काळजी घ्यावी एवढीच अट राहिली. जानेवारी 2025 च्या अधिसूचनेनेही सूट कायम ठेवली. मुंबईच्या ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये ती रद्द ठरवली. शिक्षण हा आता केवळ सेवाभाव राहिलेला नाही आणि मोठ्या इमारतीचा निसर्गावरचा भार ती कशासाठी बांधली यावर ठरत नाही, असा या निकालाचा रोख होता.

भारतातल्या विद्यापीठांना या विषयाकडे सर्वांत जास्त ढकलले ते कायद्याने नाही, मूल्यांकनाने. उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या 2017 पासूनच्या सुधारित चौकटीत सातव्या निकषाला 1000 पैकी 100 गुण होते आणि त्यात पर्यायी ऊर्जा, कचरा, जलसंधारण, हरित परिसर आणि पर्यावरण व ऊर्जा लेखापरीक्षण यांचा समावेश होता. 2019 च्या अखेरीस विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘सतत’ या नावाने पर्यावरणस्नेही परिसरांसाठी आराखडाही दिला. परिणाम दोन प्रकारचे झाले. चांगला असा की ज्या महाविद्यालयांत पाण्याचा मीटर कधी कोणी पाहिला नव्हता तिथेही पहिल्यांदा आकडे गोळा झाले. दुसरा असा की हरित लेखापरीक्षण हा एक धंदा झाला. एकाच साच्यातले अहवाल, त्यांत झाडांची यादी, एलईडी दिव्यांची मोजदाद, भूजल पुनर्भरणाच्या खड्ड्याचा फोटो आणि शेवटी प्रमाणपत्र. ते अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या फायलीत लागते, संकेतस्थळावर चढते आणि पुढच्या फेरीपर्यंत कोणी उघडत नाही. अशा अहवालात नेमकी वाचायची गोष्ट म्हणजे मागच्या अहवालातल्या शिफारशींचे काय झाले. तो रकानाच बहुधा नसतो.

जागतिक क्रमवाऱ्यांचाही हाच दुहेरी स्वभाव आहे. इंडोनेशिया विद्यापीठाने 2010 मध्ये सुरू केलेली ग्रीनमेट्रिक क्रमवारी परिसराची रचना, ऊर्जा व हवामान, कचरा, पाणी, वाहतूक, शिक्षण अशा गटांत गुण देते. ती स्वस्त आणि सोपी असल्याने आशियाई विद्यापीठांत लोकप्रिय आहे. मोकळी जमीन जास्त असलेल्यांना ती साहजिकच झुकते माप देते. अमेरिकेतली स्टार्स ही पद्धतही 2010 पासूनचीच, पण तिच्यात क्रम लावला जात नाही. संस्था स्वतःची माहिती उघडपणे मांडते आणि कांस्य ते प्लॅटिनम असा दर्जा मिळवते. 2015 मध्ये पहिला प्लॅटिनम दर्जा कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाने मिळवला. कोणीही तपासू शकेल अशी माहिती खुली ठेवणे हा तिचा खरा गुण, आणि तोच भारतीय पद्धतींत सर्वांत दुबळा आहे.

पाण्याच्या बाबतीत महाराष्ट्राकडे सांगण्यासारखे बरेच आहे, कारण इथे टंचाईने शिकवले. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा हजार चौरस मीटर छत आणि 700 मिलिमीटर पाऊस असेल तर 70 लाख लिटर पडते, आणि गळती-बाष्पीभवन वजा जाता त्याचा मोठा भाग धरता येतो. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ 853 एकरांवर पसरलेले आहे. तिथे तलाव, विहिरी आणि उताराचे पाणी अडवण्याच्या कामांतून परिसराची गरज परिसरातल्याच पाण्यावर भागवण्याकडे नेटाने लक्ष दिले गेले. असे काम जमते त्यामागे जमिनीचा उतार ओळखणारे भूगोल-पर्यावरणाचे विभाग आणि चर खणणारा अभियांत्रिकी विभाग यांनी एकत्र बसणे असते. एरवी ही दोन टेबले वर्षानुवर्षे एकमेकांना पत्रे पाठवत राहतात. वसतिगृहांच्या सांडपाण्यासाठी नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेली फायटोरिड ही वनस्पतींच्या मुळांवर चालणारी पद्धत कमी विजेत भागते. तिला जागा लागते, आणि विद्यापीठांकडे तीच असते.

नव्या परिसराला हे सगळे आराखड्यातच घालता येते. जून 2024 मध्ये उद्घाटन झालेला बिहारमधल्या राजगीरचा नालंदा विद्यापीठाचा 455 एकरांचा परिसर याचे ठळक उदाहरण आहे. वास्तुशिल्प कन्सल्टंट्सने केलेल्या रचनेत मगधातल्या जुन्या आहर-पइन या पाणी साठवण्याच्या पद्धतीचा आधार घेतला गेला, विस्तीर्ण जलाशय राखले गेले आणि भिंती दाबून घट्ट केलेल्या मातीच्या विटांच्या उभारल्या. जुन्या विद्यापीठांना ही मोकळीक नाही. पुण्यात गणेशखिंडीच्या जुन्या गव्हर्नर निवासापासून सुरू झालेल्या विद्यापीठाला दगडी वास्तू, 1970 च्या दशकातल्या काँक्रीटच्या इमारती आणि कालच्या काचेच्या दर्शनी भिंती या सगळ्यांचा संसार एकाच वीजजोडणीवर करावा लागतो. उन्हात तापणाऱ्या गावांत काचेची इमारत बांधून मग तिला हरित प्रमाणपत्र मिळवणे, ही या काळाची एक गंमतच म्हणायची.

झाडांचे प्रकरण त्या मानाने लवकर आटोपते. महाराष्ट्रात नागरी भागातली झाडे 1975 च्या कायद्याने संरक्षित आहेत आणि 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसावृक्षाचा दर्जा दिला. वृक्षारोपण मात्र 5 जूनला होते, कारण तो पर्यावरण दिन आहे. मराठवाड्यात तेव्हा पाऊस आलेला नसतो आणि विद्यार्थी सुट्टीवर असतात. रोप लावणारे पाहुणे निघून जातात आणि टँकरची वाट पाहायला माळी मागे उरतो.

जमीन हा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा विषय आहे. शहर वाढले की विद्यापीठाची मोकळी जागा सर्वांच्या डोळ्यांत भरते: रस्तारुंदीला, मेट्रोला, सरकारी कार्यालयांना. 1974 मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद विद्यापीठाला सुमारे 2,300 एकर जमीन नेमून दिली गेली, पण मालकी कागदोपत्री कधी विद्यापीठाच्या नावे झाली नाही. 2003 मध्ये तत्कालीन सरकारने त्यातली 400 एकर एका खासगी क्रीडा कंपनीला दिली, 2006 मध्ये तो व्यवहार रद्द केला, आणि दीर्घ खटल्यानंतर जमीन सरकारकडे राहिली. मार्च 2025 च्या अखेरीस तेलंगण सरकारने कांचा गच्चीबौली इथल्या त्या तुकड्यावर बुलडोझर घातले. तिथे खडकांच्या रांगा, तळी, मोर आणि हरणे होती. विद्यार्थ्यांनी आंदोलन केले आणि 3 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. परिसराचा आराखडा, वृक्षगणना आणि जैवविविधतेच्या नोंदी कितीही चांगल्या असल्या तरी सातबारा कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न त्याआधी येतो.

शिक्षणाची बाजू वेगळ्या वाटेने आली. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचा विषय सर्व स्तरांवर सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. त्यांची अंमलबजावणी रेंगाळली आणि 2003 च्या सुमारास न्यायालयाने पुन्हा कान उपटल्यावर पदवीच्या सर्व शाखांना सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला. अनुदान आयोगासाठी त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण संस्थेतून एरच भरुचा यांनी लिहिले. त्यात क्षेत्रभेट आणि प्रकल्प यांना जागा होती. व्यवहारात प्रकल्प म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात मिळणारी तयार वही झाली. स्वतःच्या वसतिगृहाचे पाणी मोजणे हा प्रकल्प होऊ शकतो, हे व्हँकूव्हरने ओळखले तसे इथे फार थोड्या ठिकाणी ओळखले गेले.

विद्यापीठ आपल्या कुंपणाबाहेर काय करू शकते, याचे सर्वांत भक्कम उदाहरण पुण्यातच आहे आणि हरित परिसराच्या अहवालांत ते सहसा सापडत नाही. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाने कचरावेचक महिलांमध्ये काम सुरू केले. साक्षरतेपासून सुरू झालेले हे काम कचरा स्रोतापाशीच वेगळा मिळावा या मागणीपर्यंत पोहोचले. 1993 मध्ये कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि 2008 मध्ये तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. एका विस्तार विभागाने शहराच्या कचऱ्याची व्यवस्थाच बदलली. मूल्यांकनाच्या भाषेत मात्र हे ‘सामाजिक विस्तारकार्य’ या रकान्यात जाते आणि ‘कचरा व्यवस्थापन’ या रकान्यात आवारातल्या कुंड्यांची संख्या.

भारतीय विद्यापीठाची आणखी एक बाब पाश्चात्त्य चौकटीत बसत नाही. मुंबई किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला शेकडो महाविद्यालये संलग्न आहेत. विद्यार्थ्यांपैकी अगदी थोडे मुख्य परिसरात पाऊल टाकतात. म्हणून परिसराचे उत्सर्जन शून्यावर आणले तरी विद्यापीठ नावाच्या व्यवस्थेचा भार जागच्या जागी राहतो. या व्यवस्थेवर विद्यापीठाचा खरा ताबा दोन गोष्टींत आहे. एक, संलग्नतेच्या अटी. स्थानिक चौकशी समिती दरवेळी वर्गखोल्या आणि पुस्तके मोजते; पाण्याची गळती आणि मंजूर वीजभारही मोजायला तिला कोणी अडवलेले नाही. दुसरी, परीक्षा. लाखो उत्तरपत्रिका, पुरवण्या, त्यांची ने-आण करणाऱ्या गाड्या, तपासणी केंद्रे आणि मुदत संपेपर्यंत साठवणीची गोदामे, हा विद्यापीठाच्या कागदाचा सर्वांत मोठा ओघ. प्रश्नपत्रिका ऑनलाइन पाठवण्याची पद्धत आली ती पेपरफुटीच्या भीतीने आणि वेळ वाचवण्यासाठी. तिच्यामुळे वाचलेले इंधन आणि कागद कोणत्याच हरित अहवालात मोजलेले आढळत नाहीत, कारण परीक्षा विभाग आणि पर्यावरण समिती यांच्यात पत्रव्यवहारच नसतो.

हे सगळे शेवटी मनुष्यबळाच्या प्रश्नावर येऊन ठेपते. परदेशी विद्यापीठांत शाश्वतता अधिकारी हे पूर्णवेळ पद असते आणि त्याला कर्मचारी व अंदाजपत्रक असते. इथल्या मंजूर पदांच्या आकृतिबंधात ते नाही, आणि अध्यापकांचीच पदे रिक्त असताना नवे पद मिळण्याची शक्यता धूसर. मग समन्वयक प्राध्यापक तास सांभाळून हे काम करतात, कंत्राटी अभियंता दोन वर्षांनी निघून जातो आणि मीटरच्या नोंदी त्याच्या लॅपटॉपबरोबर जातात. काही संस्थांनी यावर साधा तोडगा काढला: विद्यापीठ अभियंत्याच्या कार्यालयात ऊर्जा व पाण्याची मासिक नोंदवही, तिची एक प्रत वित्त विभागात, आणि वर्षातून एकदा ती व्यवस्थापन परिषदेच्या विषयपत्रिकेवर, अंदाजपत्रकाच्या बैठकीच्या आधी.